खाते कोणाचे, अक्षर कोणाचे? धार-देवासच्या पेढ्या, बँका आणि मराठी सही

उद्योगधंदा सुरू करू पाहणाऱ्या मराठी माणसाला आज जो पहिला महत्त्वाचा छापील कागद भरावा लागतो, तो बहुधा बँकेतील चालू खात्याचा अर्ज असतो. जागेचे भाडे तोंडी ठरू शकते, भांडवल घरच्या दागिन्यांवर उभे राहू शकते. पण खाते अर्जावाचून उघडत नाही. त्या अर्जावर धंद्याचे नाव, धंदा करणाऱ्याचे नाव आणि त्याची सही अशा तीन गोष्टी नोंदल्या जातात. पुढे धनादेश, कर्जरोखा, करविवरण आणि वारसनोंद या सर्व ठिकाणी त्या ज्या अक्षरांत प्रथम लिहिल्या गेल्या त्याच अक्षरांत फिरत राहतात. सीमेपलीकडे राहणारे आपण भाषेचा विचार करताना शाळा, न्यायालय, सातबारा आणि गावाची पाटी यांचा विचार करतो. खातेवहीचा विचार मात्र क्वचितच करतो.

तो विचार करण्यासाठी आम्ही वाचकांना आज माळव्यात, धार आणि देवास येथे नेऊ इच्छितो. या दोन्ही ठिकाणी दोन शतकांहून अधिक काळ मराठी राजघराणी नांदली. दफ्तर मराठी, सरदार मराठी, शास्त्री-पुराणिक मराठी. दुसरा बाजीराव पेशवा १७७५ साली जन्मला तो धारच्या किल्ल्यात. तरीही आज तेथील मराठी कुटुंबातील उद्योजक बँकेत गेला, तर त्याच्या भाषेला त्या खिडकीवर जागा नाही. राज्य असूनही असे का झाले, या प्रश्नाचे उत्तर राज्य नसलेल्या आपणांस अधिक उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

दौलतीची भाषा आणि दुकानाची भाषा

अठराव्या शतकात मराठी फौजा माळव्यात स्थिरावल्या, तेव्हा पवार घराण्याच्या शाखांनी धार आणि देवास येथे आपली ठाणी केली. देवासला तुकोजीराव आणि जिवाजीराव हे दोघे बंधू आले व त्यांच्या वंशांतून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात निर्माण झाली. इंग्रजांशी देवासचा तह १८१८ मध्ये आणि धारचा १८१९ मध्ये झाला. या राज्यांचा जमाखर्च मराठी फडातून लिहिला जाई आणि त्याची लिपी मोडी होती. फडणीस, पोतनीस, कारकून हे शब्द आणि हुद्दे मराठी राज्यकारभाराबरोबरच माळव्यात पोहोचले.

पण राज्याच्या जमाखर्चाला पैसा लागतो, आणि तो पैसा फडात नव्हे तर पेढीवर असतो. माळव्यातील पेढ्या मुख्यतः मारवाडी, गुजराती व जैन सराफांच्या होत्या. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाऊ लागली, तेव्हा या पेढ्यांचा व्याप फार वाढला. इंदूर-उज्जैनच्या सराफ्यातून मुंबईवर हुंड्या लिहिल्या जाऊ लागल्या. या सराफांच्या वह्यांची भाषा त्यांची स्वतःची होती. राजा मराठी आहे म्हणून आपली वही मराठीत लिहावी, असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते आणि दरबारानेही तसा आग्रह धरल्याचे दिसत नाही. परिणामी मराठी ही दौलतीची भाषा झाली, दुकानाची झाली नाही. माळव्यात गेलेला मराठी माणूस मुख्यतः शिलेदार, कमाविसदार, कारकून, वैद्य किंवा शिक्षक म्हणून गेला. पेढी घालण्यासाठी गेलेला विरळा.

मराठी भाषेजवळ धंद्याचे शब्द नव्हते असे मात्र कोणी समजू नये. रोजकीर्द, खतावणी, जमा, नावे, बाकी, शिल्लक, वटाव, हुंडणावळ, दर्शनी हुंडी, मुदती हुंडी असा संपन्न शब्दसंग्रह आपल्याकडे आहे. धनादेश 'वटतो' असे आपण आजही म्हणतो, ते हुंडीच्या व्यवहारातूनच. 'शहाजोग' या शब्दाची कथा तर मनोरंजक आहे. शहाजोग हुंडी म्हणजे जिचे पैसे केवळ प्रतिष्ठित सावकारालाच, म्हणजे 'शहा'लाच, द्यायचे अशी हुंडी. पुढे प्रतिष्ठितपणाचा नुसता आव आणणाऱ्याला आपण शहाजोग म्हणू लागलो. भाषा बाजारात किती खोलवर वावरली होती, याची ही खूण आहे. शब्द होते, माळव्यात ते शब्द ज्यांच्या वहीत लिहिले जावेत अशा पेढ्या मात्र आपल्या नव्हत्या.

एका गावात दोन नाणी, दोन बँका

देवासची दोन संस्थाने हा जगाच्या कुतूहलाचा विषय होता. १८४१ पासून दोन्ही पात्यांचा कारभार वेगळा झाला. सीमा काही ठिकाणी भर रस्त्यातून जाई. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांच्याकडे खासगी सचिव होता. त्या वास्तव्यावर त्याने पुढे १९५३ मध्ये एक पुस्तकही प्रसिद्ध केले.

या दुहेरी राज्याचा पैसाही दुहेरी होता. १८७६ च्या देशी नाण्यांविषयीच्या कायद्याने संस्थानांना आपली नाणी ब्रिटिश सरकारच्या टाकसाळीतून पाडून घेण्याची सोय झाली. त्यानुसार धारची तांब्याची नाणी १८८७ ची आणि देवासची १८८८ ची आहेत. देवासच्या नाण्यांवर एका बाजूस व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस किंमत, साल आणि संस्थानाचे नाव; थोरल्या व धाकट्या पातीचा भेद दाखविण्यास इंग्रजी आद्याक्षरे. राजा मराठी, दफ्तर मोडी, आणि प्रजेच्या हाती पडणारा पैसा मात्र इंग्रजी लिपीत! दोन पात्या एकमेकींपासून वेगळ्या दिसाव्यात याची काळजी ज्यांनी घेतली, त्यांनी आपल्या अक्षराची काळजी घेतली नाही.

पुढे बँकांचे युग आले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या पुढाकाराने १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली. इंदुरात तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या सनदेने १९२० मध्ये बँक ऑफ इंदूर स्थापन झाली. देवाससारख्या लहान गावातही दोन बँका होत्या : बँक ऑफ देवास लिमिटेड आणि देवास सीनियर बँक लिमिटेड. मराठी संस्थानिकांनी बँकांना आश्रय दिला ही अभिमानाची गोष्ट खरीच. पण 'लिमिटेड' हा शब्दच सांगतो की या संस्था इंग्रजी कंपनी कायद्याच्या साच्यात घडल्या होत्या. नोंदणीपत्र, नियमावली, भागपत्र, ताळेबंद हा त्यांचा सर्व सांगाडा त्या साच्याचा होता. आश्रय मराठी, भाग घेणारा व्यापारीवर्ग बव्हंशी अमराठी आणि साचा इंग्रजी, अशी ही रचना होती.

१९४८ मध्ये धार आणि देवास मध्य भारत संघात विलीन झाली. १९५६ मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात समाविष्ट झाला. बँकांचे काय झाले? १९५९ च्या कायद्यान्वये बँक ऑफ इंदूर ही १ जानेवारी १९६० पासून स्टेट बँकेची उपबँक झाली आणि स्टेट बँक ऑफ इंदूर हे नाव तिने धारण केले. तिने १९६२ मध्ये बँक ऑफ देवासचा आणि १९६५ मध्ये देवास सीनियर बँकेचा व्यवसाय आपल्याकडे घेतला. २०१० मध्ये स्टेट बँक ऑफ इंदूर स्वतःच भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. देवासची थोरली पाती राज्य म्हणून १९४८ मध्ये संपली, पण 'सीनियर' हे तिचे विशेषण बँकेच्या नावात आणखी सतरा वर्षे जिवंत होते. राज्य गेले तरी खाते राहिले. व्यापाऱ्यांचे हितसंबंध ज्या नावात गुंतले होते ते नाव टिकले. कारकुनाच्या लेखणीत असलेली भाषा मात्र दफ्तर बंद होताच निवृत्त झाली. हिंदी राजभाषा झाल्यावर माळव्यातील मराठी घरात, गणेशोत्सवात, वाचनालयात राहिली. बाजारात तिची उणीव कोणाला भासली नाही, कारण बाजारात ती कधी नव्हतीच.

कायद्याने ओळखलेली भाषा

येथे आम्ही वाचकांचे लक्ष एका कलमाकडे वेधू इच्छितो. धनादेश, वचनचिठ्ठी आणि विनिमयपत्र यांचे नियमन करणारा परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ चा आहे. त्याच्या पहिल्याच कलमात एक अपवाद नमूद आहे. पौर्वात्य भाषेत लिहिलेल्या संलेखाबाबत जी स्थानिक रूढी असेल, तिला या अधिनियमाने बाध येत नाही. मात्र पक्षकारांनी संलेखातील शब्दांनीच आपले संबंध अधिनियमाखाली आणण्याचा हेतू दर्शविला असेल, तर रूढी बाजूस राहते.

या वाक्याचा अर्थ शांतपणे पाहावा. इंग्रज कायदेकाराला हुंडी मोडता आली नाही. हुंडी हे केवळ पैशाचे साधन नव्हते. तिची भाषा, तिची लिपी आणि तिची रूढी यांचे एकच शरीर होते, हे त्याला मान्य करावे लागले. आणि हे त्याने का मान्य केले? सराफांनी मोर्चा काढला म्हणून नव्हे, तर त्या भाषेत रोज मोठ्या रकमांची देवाणघेवाण होत होती म्हणून. व्यवहार ज्या भाषेत चालतो त्या भाषेला कायदा वाट करून देतो. भाषिक हक्कांच्या चर्चेत राज्यघटनेची कलमे आपण वारंवार उद्धृत करतो आणि ती केलीच पाहिजेत; परंतु राज्यघटनेच्या कितीतरी आधी एका व्यापारी कायद्याने देशी भाषेतील व्यवहाराची रूढी राखून ठेवली होती, हेही आपल्या युक्तिवादात असावे.

बडोदे आणि बेळगाव

माळव्यात जे घडले ते सर्वत्रच अटळ होते काय? आमच्या मते नाही. दोन उदाहरणे देतो.

पहिले बडोद्याचे. तेथेही राज्य मराठी आणि बहुसंख्य प्रजा गुजराती. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने तेथील महाराष्ट्रीय मंडळींनी ५ फेब्रुवारी १८८९ रोजी परस्परांच्या साहाय्यासाठी 'अन्योन्य' ही मंडळी स्थापन केली. भारतातील आद्य सहकारी पतसंस्थांत तिची गणना होते. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ चा. म्हणजे कायद्याच्या १५ वर्षे आधी नोकरदार मराठी माणसांनी आपली बचत एकत्र करून आपली पत आपणच निर्माण केली. दरबाराची बँक आणि समाजाची पतसंस्था यांतील फरक हा की पहिलीत आपण आश्रित असतो, दुसरीत सभासद.

दुसरे उदाहरण आपल्या अंगणातले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांकडे ते वळले. बेळगावात जागेची अडचण आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन आणि १० हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे १९२० मध्ये त्याच कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' हे मराठी नियतकालिक निघाले, आणि नांगराच्या जाहिरातीबरोबर नव्या विचारांचे लेखन घरोघर गेले. ज्या पंतप्रतिनिधींनी उद्योगाला भांडवल दिले, तेच १९३५ मध्ये इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. भांडवल आणि भाषा यांचा संबंध एका व्यक्तीत इतका स्पष्ट क्वचितच दिसतो. आज किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना देवासमध्येही आहे. ज्या देवासला तलवार घेऊन गेलेले मराठी राज्य संपले, तेथे बेळगावच्या सायकलच्या दुकानातून निघालेले नाव कारखान्याच्या दारावर आहे.

आजचा अर्ज

आता आजच्या खिडकीकडे येऊ. रिझर्व्ह बँकेने ग्राहकसेवेविषयीच्या आपल्या परिपत्रकांत बँकांना सांगितले आहे की खाते उघडण्याचे अर्ज, भरणा-पावत्या, पासबुके इत्यादी छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि संबंधित प्रादेशिक भाषा अशा तिन्ही भाषांत उपलब्ध असावे; तसेच ग्राहकाला धनादेश इंग्रजीत, हिंदीत किंवा संबंधित प्रादेशिक भाषेत लिहिता यावा. हा नियम चांगला आहे, पण 'संबंधित प्रादेशिक' या दोन शब्दांत आपली अडचण आहे. पुण्यात संबंधित भाषा मराठी, बेळगावात कन्नड, धार-देवासमध्ये हिंदी, म्हणजे तेथे तीन भाषांच्या दोनच उरतात. नियम राज्यनिहाय भाषा पाहतो, खातेदाराची भाषा पाहत नाही.

त्यापुढील अडचण नावाची. माळव्याच्या राजघराण्याचेच पाहा. मराठीत ते पवार, जुन्या इंग्रजी कागदांत 'पुआर', हिंदी लेखनात कोठे पवार तर कोठे पंवार. राजाला हे चालून गेले. आज लहान उद्योजकाच्या आधारपत्रावर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरे आणि दुकानाच्या परवान्यावर तिसरे असेल, तर संगणक ती तीन माणसे समजतो आणि खाते अडते. सीमाभागात मराठी नाव आधी कन्नडमध्ये आणि मग इंग्रजीत असा दुहेरी प्रवास करते, तेव्हा हा घोळ अधिक वाढतो. आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांत अशी प्रकरणे नित्याची आहेत.

म्हणून धंदा सुरू करणाऱ्यांसाठी काही गोष्टी नोंदवितो. एकमालकी संस्थेचे खाते उघडताना मालकाच्या ओळखीच्या कागदांबरोबर धंद्याचे अस्तित्व दाखविणारे दोन कागद सामान्यतः लागतात. उद्यम नोंदणी, दुकान व आस्थापना परवाना, वस्तू व सेवा कराची नोंदणी हे त्यांपैकी होत. दोन कागद मिळणे शक्य नसल्याची बँकेची खात्री पटली, तर ती पडताळणी करून एकावरही खाते उघडू शकते. नावाचे एकच इंग्रजी रूप आधी ठरवावे आणि सर्व कागदांवर तेच आणावे. मगच बँकेत जावे.

सहीच्या बाबतीत मात्र कोणाचेही दडपण मानू नये. सही अमुकच लिपीत असावी असे परक्राम्य संलेख अधिनियम सांगत नाही. काही बँका इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील सहीसाठी, मजकूर समजावून घेतल्याचे वेगळे निवेदन मागतात. ते द्यावे, पण त्या कंटाळ्याने सही बदलू नये. भागीदारीचा करार मराठीत करण्यास १९३२ च्या भागीदारी अधिनियमाची आडकाठी नाही. बँकेसाठी सोबत इंग्रजी भाषांतर जोडावे. नियमितपणे लिहिलेल्या हिशेबवह्यांतील नोंदी पुराव्यात संबद्ध ठरतात, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा अधिनियमात होते आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. तेथेही वहीची भाषा सांगितलेली नाही. आणि तक्रार करण्याची वेळ आलीच, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत, टपालाने वा ई-मेलने येणाऱ्या तक्रारी कोणत्याही भाषेत स्वीकारण्यासाठी चंडीगड येथे केंद्र स्थापन झाले. ती तक्रार मराठीत लिहावी. मराठीत तक्रारी आल्याच नाहीत, तर मराठीची गरज नाही असाच निष्कर्ष निघेल.

धार-देवासचा इतिहास आम्हांस एवढेच सांगतो की राजाश्रयावर उभी असलेली भाषा राजाबरोबर जाते आणि व्यवहारात रुजलेल्या भाषेला कायद्यालाही जागा द्यावी लागते. आपणांपाशी राजाश्रय नाही. दुकाने आहेत, कारखाने आहेत, पतसंस्था आहेत. त्यांच्या वह्या, पावत्या आणि सह्या आपल्या अक्षरांत ठेवणे हे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी कोणत्याही आयोगाच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

देवासमध्ये १९७४ पासून चलनी नोटांचा छापखाना आहे. तेथे छापलेल्या प्रत्येक नोटेवर डावीकडच्या पट्टीत पंधरा भाषांत किंमत लिहिलेली असते आणि त्यांत मराठीही असते. म्हणजे देवासमध्ये आजही मराठी छापली जाते, आणि ती देशभर चालते. ती नोट ज्या खात्यात भरायची, त्या खात्यावर आपली सही कोणत्या अक्षरांत असावी, हे ठरविणे आपल्याकडे आहे.